दिवस भरले म्हणजे काय?

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका वाचक-भगिनींचें पत्र आमच्या हातीं आलें. त्यांच्या घरीं एकाच वर्षांत दोन बाळंतपणें आलीं. एक सूनबाईंचें, दुसरें कन्येचें. सूनबाईंना ३९ आठवडे व २ दिवस झाले असतां येथील डॉक्टरांनीं सांगितलें, “उद्यां सकाळीं दाखल व्हा, कळा आणूं.” गर्भाशयाचें तोंड मऊ करण्याचें औषध झालें, मग सलाईनमधून ड्रिप झाली, वीस तास गेले आणि शेवटीं सीझर करावें लागलें. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. कन्या नेदरलँड्समध्यें, आइंडहोव्हन शहरीं असते. पत्र लिहितेवेळीं तिला ४० आठवडे व ३ दिवस झाले होते, आणि तेथील सुईण शांतपणें म्हणत होती, “४१ आठवडे होऊं द्या, मग बोलूं.” या दोघांत शहाणें कोण, असा बाईंचा प्रश्न आहे; आणि त्याखालीं, कांपऱ्या अक्षरांत, दुसरा: “मुलीला फोन करून हट्ट धरायला सांगूं का?”

त्यांना जें सांगावयाचें तें आम्हीं त्याच दिवशीं फोनवरून सांगितलें. परंतु आज आपल्यापैकीं पुष्कळांच्या लेकी-सुना परदेशीं बाळंत होतात, आणि तिकडे गेलेल्या आईला किंवा सासूला तेथील रीत एक तर निष्काळजीपणाची वाटते, नाहीं तर फाजील उतावळेपणाची. म्हणून ही चर्चा येथें करणें आम्हांस योग्य वाटतें.

“दिवस भरले” हें वाक्य दिसतें तितकें सरळ नाहीं. आपल्या आजीबाई “नऊ महिने नऊ दिवस” म्हणत. युरोपांत हायडेलबर्गचे प्रसूतिशास्त्रज्ञ नेगेले यांच्या नांवानें जो नियम एकोणिसाव्या शतकांत रूढ झाला, त्यांत शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने व सात दिवस, म्हणजे सुमारें २८० दिवस, मोजतात. आजीबाई प्राध्यापकांपेक्षां दोन दिवसांनीं अधिक सबुरीच्या होत्या म्हणावयाच्या! पण खुद्द युरोपांतहि एकवाक्यता नाहीं. फ्रान्समध्यें तारीख काढतांना ४० नव्हे, ४१ आठवडे धरण्याची वहिवाट आहे. लंडनमध्यें जिचे दिवस वर गेले म्हणून घरांत काळजी सुरू होते, ती पॅरिसमध्यें असती तर तिची तारीख अजून उजाडलेलीहि नसती. पोटांतील मूल मात्र तेंच.

नेदरलँड्समध्यें निरोगी गर्भिणीची देखरेख सुईणीकडे असते. डॉक्टरांची गांठ पडेलच असें नाहीं. ही सुईण चार वर्षांचें रीतसर शिक्षण घेतलेली असते, आणि इच्छा असल्यास प्रसूति घरींहि होते. कळा आणवावयाच्या म्हटलें कीं हें सारें बदलतें: घर सुटतें, बहुधा ओळखीची सुईणहि सुटते, आणि बाई रुग्णालयाच्या स्वाधीन होते. जेथें औषधाची किंमत अशी मोजावी लागते तेथें वाट पाहण्याकडे कल असणें स्वाभाविक आहे. आइंडहोव्हनची सुईण आळशी नाहीं. ती आपल्या व्यवस्थेच्या हिशेबानें बोलत होती.

तरीपण वाट पाहण्याला मर्यादा आहे, आणि तिचा धडा स्वीडनला फार महाग पडला. तेथें ४२ आठवडे होईपर्यंत थांबण्याची पद्धति होती. ४१ ला कळा आणाव्या कीं ४२ पर्यंत थांबावें, हें ठरविण्यासाठीं १४ रुग्णालयांतून एक चांचणी सुरू झाली. दहा हजारांवर स्त्रिया घेण्याचा विचार होता. पण २,७६० झाल्या असतांच ती थांबवावी लागली. वाट पाहणाऱ्या गटांत सहा बालकें दगावलीं होतीं, पांच पोटांतच व एक जन्मानंतर. दुसऱ्या गटांत एकहि नाहीं. सीझरचें प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखें. हे निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. सहा हा आंकडा लहान आहे खरा. पण भरल्या दिवसांनीं रिकाम्या हातांनीं घरीं परतलेल्या त्या सहा आयांना तो लहान म्हणून सांगण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. जागतिक आरोग्य संघटनाहि ४१ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणाव्या असें म्हणते. मात्र जेथें गर्भाचें वय भरंवशानें सांगतां येत नाहीं तेथें हा नियम लागू नाहीं, असेंहि तिनें बजावलें आहे.

अमेरिकेची तऱ्हा निराळी. १९९० सालीं तेथें शंभरांतील साडेनऊ प्रसूतींत कळा आणविल्या जात. २०२० सालीं हें प्रमाण तिसांच्या वर गेलें होतें. तेथील संघराज्याचा १९९३ चा कायदा आईला बारा आठवड्यांची रजा देतो, पण ती बिनपगारी. रजेचा दिवस न्‌ दिवस मोजणाऱ्या बाईला नक्की तारीख हवीशी वाटली तर तिला नांवें ठेवूं नयेत. २०१८ सालीं तेथील एका मोठ्या चांचणीचा निष्कर्ष आला. ६,१०६ निरोगी पहिलटकरणींपैकीं ज्यांना ३९ व्या आठवड्यांत कळा आणल्या त्यांच्यांत सीझर शेकडा १८.६, आणि ज्या थांबल्या त्यांच्यांत २२.२. हे आंकडे आतां आपल्याकडेहि दाखविले जातात. पण पात्र अशा २२,५३३ स्त्रियांपैकीं शेकडा २७ च या चांचणीस तयार झाल्या होत्या, हें सांगण्याचें सहसा कोणास आठवत नाहीं.

इंग्लंडांतील एक प्रकरण तर आपल्या लोकांच्या अगदीं जवळचें. २०२१ च्या मे महिन्यांत ‘नाइस’ या तेथील मार्गदर्शक संस्थेनें एक मसुदा काढला. कृष्णवर्णीय, आशियाई इत्यादि स्त्रियांना, दुसरा कांहीं विकार नसला तरी, ३९ व्या आठवड्यांत कळा आणण्याचा विचार करावा, असें त्यांत होतें. कारण खोटें नव्हतें. या समाजांत मृत बालकें जन्मण्याचें प्रमाण गोऱ्यांपेक्षां अधिक आहे. पण टीका अशी झाली कीं, कातडीचा रंग हा काय रोग आहे? नोव्हेंबरांत अंतिम पत्रक निघालें तेव्हां तें कलम गळालें होतें. आमचें मन येथें थोडें दोलायमान होतें. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका पाहणींत, १,२२,००० हून अधिक गरोदरपणांच्या नोंदींवरून, गोऱ्या स्त्रियांचा मध्यम काळ ४० आठवडे, तर आशियाई व कृष्णवर्णीय स्त्रियांचा ३९ आठवडे आढळला होता. मग आपल्या मुलींना गोऱ्यांचीच फूटपट्टी लावावी काय? शंका रास्त आहे; तरी जात-वर्ण पाहून नव्हे, प्रत्येकीची तपासणी पाहून ठरवावें, हेंच आम्हांस अधिक पटतें.

कारण खरें असलें म्हणजे कळा आणविणें केवढें उपकारक ठरतें, हें पाहावयास परदेशीं जावयास नको. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भिणींवर एक चांचणी झाली. अशा बाईला वाट पाहणें परवडत नाहीं. झटके आले तर आई-मूल दोघेंहि हातचीं जातात. कांहींना मिसोप्रोस्टॉलच्या स्वस्त गोळ्या तोंडानें दिल्या, कांहींना गर्भाशयाच्या तोंडांत फुग्याची फोलेची नळी बसविली. गोळ्यांनीं शेकडा ५७ व नळीनें ४७ स्त्रिया चोवीस तासांच्या आंत, पोट न कापतां, मोकळ्या झाल्या. तेथें सोयीच्या तारखेचा प्रश्न नव्हता.

त्याच महाराष्ट्रांत मुहूर्त पाहून, शनिवार-रविवार टाळून, तारखा ठरतात हेंहि आपण जाणतों. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील खासगी रुग्णालयांतल्या प्रसूतींपैकीं शेकडा ४७.४ सीझरनें झालेल्या आढळल्या, सरकारींत १४.३. आपल्यासारखीं घरें कोणत्या दारीं जातात हें सांगावयास नको.

बाईंना आम्हीं सांगितलें तें असें. कन्येनें हट्ट धरूं नये. मात्र तारीख पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवरून धरली आहे का, रक्तदाब किती आहे, हें सुईणीला विचारावें. मुलाची हालचाल मंदावली तर रात्र असो वा दिवस, तात्काळ कळवावें. आणि ४१ आठवडे पूर्ण होतील त्या दिवसाविषयीं आजच बोलून ठेवावें. पुढें तिला त्या दिवसानंतर रुग्णालयांतच कळा आणवाव्या लागल्या, मुलगी झाली.

सूनबाईंचें सीझर औषधामुळेंच झालें, असें आम्ही म्हणणार नाहीं. गर्भाशयाचें तोंड तयार नसलें तर वीस तास म्हणजे फार नव्हेत. पण ३९ आठवडे व २ दिवसांना घाई कां केली, हें त्यांना त्या वेळीं कोणीं सांगितलें नव्हतें, आणि बाळ दोन महिन्यांचें झालें तरी तो प्रश्न त्यांच्या मनांतून गेलेला नाहीं. परवां बाईंनीं रुग्णालयांतून सर्व कागद मागवून आणले. दाखल करण्याचें कारण या रकान्यांत “प्रसूति” एवढाच शब्द लिहिलेला आहे.