दुपारच्या सुट्टीतला इतिहास



त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. ऑफिसच्या बोर्डावर कागद लागला होता. म्युझियममध्ये दुपारी सव्वा ते दोन व्याख्यान, विषय नाशिकच्या लेण्यांची कला आणि प्रादेशिक इतिहास, प्रवेश फुकट. म्युझियम मुंबईतलंच. कुठलं ते सांगत नाही, एकाचं नाव घेतलं की बाकीचे साळसूद ठरतात. माझा आजा १९३० साली काळारामाच्या सत्याग्रहात नाशकात मार खाऊन आलेला. म्हटलं, नाशिक म्हंजे आपलंच. जाऊन ऐकू तरी.

हॉल गारेगार. बाई विद्वान, अभ्यास दांडगा, हे कबूल. पडद्यावर तीन नंबरचं लेणं आलं. तुम्ही पाहिलं असेल. ओसरीखाली सहा धिप्पाड माणसं अर्धी जमिनीत गाडलेली, खांद्यावर तुळया घेऊन. बाई म्हणाल्या, पाहा, किती लीलया भार पेललाय! लोक वा वा म्हणाले. लीलया? आमच्या घरात तीन पिढ्या हमाली झाली. खांद्यावर ओझं असताना कुणाचं तोंड कसं दिसतं ते मला ठाऊक आहे.

मग त्या लेण्यातला मोठा शिलालेख आला. गौतमी बलश्रीने, म्हंजे गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरवलेला. त्यात मेलेल्या पोराची थोरवी गायलीय. ती कशी? तो एकच ब्राह्मण, आणि त्याने चारी वर्णांचा संकर थांबवला. बाईंनी हे वाचलं आणि म्हणाल्या, समाजाला स्थैर्य दिलं. बस्स. पुढचं चित्र.

स्थैर्य! कुणाचं हो? संकर थांबवला म्हंजे काय केलं असेल? कुणाची पोरगी कुणाच्या घरातून ओढून काढली असेल? ते लेखात नाही, मान्य. पण दोन हजार वर्षांनी एसीत बसून त्याला स्थैर्य म्हणायला जीभ कशी वळते? आणि गंमत बघा. वर्णाची शेखी मिरवणाऱ्या त्याच आजीबाईने हे लेणं दान कुणाला दिलं? बौद्ध भिक्षूंना. ज्यांच्या संघात शिरताना वर्ण उंबऱ्याबाहेर टाकावा लागे, त्यांच्याच भिंतीवर वर्णाचा डांगोरा. राजाची पाटी कुठेही ठोकता येते, हे तेव्हाही खरं होतं.

आता खरी गोष्ट. त्याच डोंगरात आठ नंबरचं लेणं आहे. लहानसं. तिथे लिहिलंय की हे लेणं दासक मुगुदासाचं, त्याच्या परिवारासह दिलेलं. दासक म्हंजे मासे धरणारा, असा अर्थ पंडितांनी लावलाय. चैत्याकडे जा, दरवाजावरची कमान एका गावाचं दान आहे, धंभिक गाव. नाशिक सोडून कार्ल्याला या. दरवाजा केला तो धेनुकाकटच्या सुताराने, नाव सामी, बाप वेणुवास. जुन्नरच्या लेखात वेळूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे. नावं आहेत, गावं आहेत, धंदे आहेत, बापाचं नाव आहे. आणि हे काही आम्ही परवा शोधलेलं नाही. सेनार नावाच्या फ्रेंच पंडिताने नाशिक-कार्ल्याचे लेख शंभर वर्षांपूर्वीच वाचून छापलेत. बाईंनी ते वाचलेले असणारच.

मी हात वर केला. विचारलं, मॅडम, मुगुदास कुठाय?

हॉलमध्ये कुणीतरी खुसकन हसलं. बाई म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, पण तो समाजशास्त्राचा झाला, आपला विषय कला. आणि दोन वाजलेत.

म्हंजे राजाची आई बोलली की तो प्रादेशिक इतिहास. कोळी बोलला की समाजशास्त्र. ही वाटणी कुणी केली? मागच्या दालनात जाऊन बघा. राजाच्या नाण्याखाली राजाचं नाव. मडक्याखाली, लाकडी घोड्याखाली, देवाच्या टाकाखाली 'अज्ञात कारागीर'. अज्ञात कुणाला? ज्याने विचारलंच नाही त्याला.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा हंडा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यातल्या बऱ्याचशा नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप हाणलेला. नाणं त्याचं, छाप याचा. त्रिरश्मी डोंगराचं तेच झालं. लेखांत त्याचं नाव आहे, पण लोकांच्या तोंडी काय बसलं? पांडवलेणी. पांडव कधी आले होते छिन्नी घेऊन?

इथे एक सांभाळून बोललं पाहिजे. मुगुदास आपलाच आजा होता असं मी म्हणत नाही. जातीचं नातं दोन हजार वर्षं मागे जोडणं हा ज्यांचा धंदा आहे त्यांनी तो करावा. माझं म्हणणं एवढंच की हाताने पोट भरणारा माणूस आपलं नाव दगडात कोरवून गेला आणि वाचणाऱ्याने ते गिळलं. बलुत्यात राबलेल्यांची नावं तर कोरलीच गेली नाहीत. इथे कोरलेली आहेत, तरी गायब.

आणि आपण? आपण त्रिरश्मीला जातो, मेणबत्ती लावतो, फोटो काढतो, खाली येऊन वडापाव खातो. किती जणांनी आठ नंबरच्या भिंतीला डोळे लावले? धम्मलिपीची अक्षरं चार आठवड्यांत येतात, मला पन्नाशीत आली. राजाला शिव्या देणं सोपं आहे, मी इथे दिल्याच आहेत. पण भिंत आपल्याला वाचता येत नसेल तर बाई वाचतील तेच खरं धरावं लागेल.

बाहेर जिन्याखाली झाडूवाली मावशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. हॉल रिकामा झाल्याशिवाय तिला जेवता येत नव्हतं, लोकांनी खुर्च्यांखाली बिस्किटांचे कागद टाकलेले. मला म्हणाली, "काय दावत होती रं बाई?"

मी सांगितलं, "एका कोळ्यानं बायकापोरांसंगट डोंगरात लेणं दिलंय मावशी, दोन हजार वर्सांखाली."

"ते दावलं व्हय?"

"न्हाई."

ती उठली, कमरेला पदर खोचला आणि आत गेली. तिच्यासोबत मी कागद वेचले, मग दोघांनी तिथंच जिन्याखाली डबे उघडले. ऑफिसला पाऊण तास उशीर झाला, साहेबाने लाल शेरा मारला.

पुढच्या महिन्यात त्याच हॉलमध्ये कार्ल्यावर बोलणार आहेत. दुपारी सव्वालाच. सामी सुताराचं नाव मी धम्मलिपीत आणि मराठीत लिहून ठेवलंय, खुर्च्यांवर वाटायला शंभर कागद काढायचेत. स्टेन्सिल कोण कापतो ते कळवा.