आता या वयात कुठला कोर्स करू?

गेल्या भाऊबीजेला आमच्या धाकट्या वन्सं आल्या होत्या. ओवाळणी झाली, फराळाचं ताट पुढे ठेवलं, पण बाईंचं लक्ष काही ताटात नव्हतं. चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढत बसल्या होत्या. मग हळूच पर्समधून एक चकचकीत पत्रक काढलं नि माझ्यापुढे सरकवलं.

"वहिनी, एवढं बघा जरा. करू का हे?"

दूरशिक्षणाने एमबीए. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. फी, पुस्तकं, परीक्षेला जिल्ह्याच्या गावी जाणं-येणं धरलं की ६० हजारांच्या पुढे. पैसे भिशीचे होते, वन्संचे स्वतःचे. घरात अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

वन्सं ४३ वर्षांच्या आहेत. बी.कॉम. होऊन लग्न झालं, मुलगा शाळेत जायला लागला तशी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत लागल्या. त्याला आता १७ वर्षं झाली. आधी पिग्मीच्या पावत्या, मग ठेवी, मग सोनेतारण, आता कर्जाचं दप्तर. ऑडिटर आले की सगळी संस्था यांच्या टेबलाभोवती. आणि शाखाधिकाऱ्याची जागा रिकामी झाली तेव्हा ती मिळाली २८ वर्षांच्या एका मुलाला. तीन वर्षांपूर्वी तो लागला तेव्हा त्याला व्हाउचर कसं लिहायचं ते वन्संनीच दाखवलं होतं. तो त्यांना 'काकू' म्हणतो. "काकू, जरा ती फाइल आणा ना." आणि त्याच्या टेबलावर पाटी आहे, नावापुढे एमबीए.

आता तुम्हीच सांगा, त्या पत्रकामागे खरं काय होतं, अभ्यासाची हौस की ती पाटी?

मी त्यांना लगेच 'करा' म्हटलं नाही. वन्संना ते लागलं. पण मैत्रिणींनो, मी 'नका करू' असंही म्हटलं नाही. मी एवढंच विचारलं, की ती जागा त्याला एमबीए म्हणून मिळाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तर कुणीच सांगितलं नव्हतं. आपणच धरून चालायचं! बायकांची ही एक खोडच आहे, माझीही होती. काही मिळालं नाही की आपण लगेच स्वतःत कमी शोधतो. इंग्रजी कच्चं असेल, शिक्षण कमी पडलं असेल. मग त्या कमीवर उपाय म्हणून एक कोर्स. पुरुष अशा वेळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारतो, "माझं का झालं नाही?" आपण घरी येऊन कुकर लावतो आणि फॉर्म भरतो.

माझंच सांगते. मी एका खासगी शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात २७ वर्षं काढली, लिपिक म्हणून. २००३ मध्ये एमएस-सीआयटी केलं. तेव्हा ते सगळेच करत होते, सरकारी खात्यांत तर ते नसलं की वेतनवाढ अडण्याची धास्ती. तीन महिने संध्याकाळी क्लास, माउस हातातून निसटायचा, शेजारच्या खुर्चीवर दहावीची पोरं फिदीफिदी हसायची. पण त्या तीन महिन्यांनी मला पुढची वीस वर्षं तारलं. पगारपत्रकं हाताने करण्याचे दिवस गेले, तेव्हा मी मागे राहिले नाही.

मग २००६ मध्ये मला वाटलं, आता एम.ए. करावं म्हणजे पुढची जागा मिळेल. बहिःस्थ विद्यार्थी म्हणून फॉर्म भरला. पहाटे चारला उठून दोन वर्षं अभ्यास केला. दुसऱ्या वर्गात पास झाले, पेढे वाटले, प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात दिली. सेवापुस्तकात एक ओळ वाढली. बस्स. पगारात एक रुपया नाही. कारण माझी बढती सेवाज्येष्ठतेवर होती आणि माझ्या पुढे दोघं जण होते. ते निवृत्त झाल्यावर मला जागा मिळाली, ती एम.ए. नसते तरीही मिळालीच असती. हे मी फॉर्म भरण्याआधी कुणाला विचारलं असतं, तर हेडक्लार्कने पाच मिनिटांत सांगितलं असतं. मी विचारलं नाही. त्यांना वाटेल मला त्यांची खुर्ची हवी आहे, म्हणून लाजले.

सरकारी, निमसरकारी कार्यालयात असाल तर उत्तर कागदावर लिहिलेलं असतं, हे लक्षात घ्या. सेवाप्रवेश नियम असतात, ज्येष्ठतेची यादी असते, विभागीय परीक्षा असतात. त्या जागेला काय लागतं ते आस्थापना शाखेत विचारा. लिपिक-टंकलेखकाच्या जागेला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं टायपिंग मागतात, तिथे तुमची दुसरी पदवी कामाची नाही. विभागीय परीक्षा राहून गेली असेल तर आधी ती. बँकेत असाल तर जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा आहेत, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स ही १९२८ पासूनची संस्था त्या घेते, आणि पुष्कळ बँकांत त्या पास झालं की पगारवाढ ठरलेली असते. इथे शिक्षणाचा नि पगाराचा सरळ संबंध आहे. अशा ठिकाणी मी डोळे मिटून म्हणेन, बसा परीक्षेला.

खासगी नोकरीत मात्र नियम कागदावर नसतो, तो मालकाच्या नाहीतर संचालकांच्या डोक्यात असतो. तिथे विचारल्याशिवाय कळत नाही. माझी एक मैत्रीण धान्याच्या होलसेल दुकानात हिशेब लिहायची, रोजमेळ आणि खतावणी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मालक गांगरले. हिने तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास लावला, विवरणपत्रं कशी भरतात ते करसल्लागाराच्या ऑफिसात बसून शिकली. वय तेव्हा ४६. आज तिच्यावाचून दुकानाचं पान हलत नाही, आणि पगार मागताना तिला मान खाली घालावी लागत नाही. तिच्याकडे नवी पदवी नाही. मालकाला ज्या गोष्टीची धास्ती होती, ती तिला येत होती.

वन्संना मी म्हटलं, आधी चेअरमनना भेटा. "बापरे! ते काय म्हणतील?" काय म्हणणार? फार तर नाही म्हणतील. ते तर न विचारताच म्हणून झालंय.

दिवाळीनंतर पंधरा दिवस त्या तळ्यात-मळ्यात करत होत्या. अखेर एक दिवस गेल्या. विचारलं, "साहेब, पुढच्या वेळी शाखाधिकाऱ्याच्या जागेसाठी माझा विचार व्हायचा तर माझ्यात काय हवं?" चेअरमन आधी गडबडले म्हणे. मग जे म्हणाले ते ऐकून वन्सं तशाच माझ्याकडे आल्या. ते म्हणाले, "ताई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण शाखाधिकाऱ्याला वसुलीला फिरावं लागतं. थकबाकीदाराच्या दारात जायचं, संध्याकाळी उशीर होतो. तुम्ही बाईमाणूस. आम्ही धरूनच चाललो की तुम्हाला जमणार नाही."

एमबीएचा विषयसुद्धा निघाला नाही!

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी, की सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा पास असलेला माणूस संस्थेला हवाच आहे. पदवीधरांना या परीक्षेला बसता येतं. हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकार कायदा असे विषय असतात. सहकारी संस्थेत काम करणारीला हे म्हणजे रोजच्याच कामाचं पुस्तक. शिवाय अनुभवाच्या वगैरे अटी पूर्ण केल्या तर पुढे सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेत नाव लावता येतं. म्हणजे नोकरी सुटली तरी हातात काहीतरी राहील. परीक्षेची फी एमबीएच्या फीशेजारी ठेवली तर किरकोळ.

तरी हिशेब करायचाच. मी वन्संना वहीवर मांडून दाखवला होता. समजा, एमबीए केलं आणि संस्थेने खूश होऊन महिना ५०० रुपये वाढवले. तर ६० हजार फिटायला १० वर्षं. शिकण्याची दोन धरली तर वन्सं तोवर ५५ च्या! समजा, त्या पदवीमुळे खरोखर जागा मिळाली आणि पगार ४ हजारांनी वाढला, तर सव्वा वर्षात पैसे सुटले. मग प्रश्न असा उरतो की जागा त्या पदवीवर मिळते का. हा प्रश्न न विचारता भरलेली फी म्हणजे नवस. आपला नवस फळेल की नाही, ते कॉलेजचं पत्रक सांगत नाही.

आता यावर कुणी म्हणेल, बाई शिकायला निघाली की तुम्ही हिशेब काढता. मुलाच्या क्लासला लाखभर घालताना कुठे जातो हा हिशेब? अगदी खरं आहे. पोराचा क्लास म्हणजे गुंतवणूक आणि आईचा कोर्स म्हणजे खर्च, हे आपल्या घराघरांत चालतं, आणि ते मला मुळीच मान्य नाही. उलट म्हणूनच मी म्हणते की आपल्या वाट्याला येणारे पैसे, त्याहीपेक्षा आपल्या वाट्याला येणारा वेळ इतका थोडा असतो की तो चुकीच्या दारात घालवायला परवडत नाही. मुलाचा एक क्लास वाया गेला तर घर त्याला दुसरा लावून देतं. आपलं वर्ष वाया गेलं तर सगळे म्हणतात, "सांगितलं होतं ना, या वयात नको ते उद्योग."

आणखी एक. फसवणूक फार आहे. 'एका वर्षात पदवी', 'परीक्षेला बसण्याची गरज नाही', असं कुणी म्हणालं की उठून निघायचं. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो. दूरशिक्षणाला मान्यता कुणाला आहे तीही यादी आयोगाकडे असते. मुलाला मोबाइलवर शोधायला सांगा. मान्यता असलेलं दूरशिक्षण मात्र कमअस्सल नाही. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ पासून, आणि मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असं आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. 'घरी बसून मिळवलेली पदवी' म्हणून कुणी नाक मुरडलं तर हे ऐकवा. नोकरीत असताना शिकणार असाल तर कार्यालयाची लेखी परवानगी घेऊन ठेवा, पुढे कटकट नको.

आणि माझं ते एम.ए.? पगारासाठी ते फुकट गेलं, हे मी सांगितलंच. पण पहाटे चारला, घर झोपलेलं असताना, दिव्याखाली पुस्तक घेऊन बसण्यातलं सुख मला त्याआधी नि त्यानंतर फारसं मिळालं नाही. तशा सुखासाठी शिकायचं असेल तर वयही बघू नका नि माझा हा हिशेबही वाचू नका. फक्त घरी सांगताना नि स्वतःला सांगताना खोटं सांगू नका, की हे मी बढतीसाठी करतेय. मी तसं सांगितलं होतं. मग बढती मिळाली नाही तेव्हा मिस्टर म्हणाले, "झालं समाधान?" आणि मला उत्तर देता आलं नाही.

वन्संनी संस्थेला लेखी दिलंय की वसुलीच्या कामाला जायची माझी तयारी आहे. पहिल्या फेरीला त्या 'काकू' म्हणणाऱ्या शाखाधिकाऱ्याबरोबरच गेल्या. एका थकबाकीदाराच्या दारात तो बिचारा काय बोलावं ते न सुचून उभा. वन्संनी आत जाऊन त्या घरच्या सुनेशी बोलून महिन्याचा हप्ता ठरवून आणला. पुढच्या जागेचं काय होईल, ते आज कुणी सांगू शकत नाही. संचालक मंडळात सगळे पुरुषच आहेत.

जीडीसी अँड ए चा फॉर्म भरलाय. स्वयंपाकघरातल्या फळीवर डाळीच्या डब्यांशेजारी आता लेखापरीक्षणाचं पुस्तक असतं, त्याला हळदीची बोटं लागलेली. परवा रात्री दहाला फोन आला, "वहिनी, घसारा म्हणजे नेमका कसा काढतात हो, तुमच्या लक्षात आहे का?" मला कुठलं लक्षात असणार! मी म्हटलं, त्या तुमच्या शाखाधिकाऱ्याला विचारा ना, एमबीए आहे तो.

"विचारलं," म्हणाल्या. "त्यालाही येत नाही."

एमबीएचं पत्रक मात्र अजून त्यांनी फेकलेलं नाही. कपाटात साड्यांखाली आहे, मी पाहिलंय.