मुक्तिसंग्रामाने गाळलेला कवी: मखदूम मोहिउद्दीन

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडाभर ध्वजारोहण होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात. वापटीचे बहिर्जी शिंदे आजेगावच्या लढ्यात धारातीर्थी पडले, हे वसमत परिसरात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते आणि असायलाच हवे. मात्र याच लढ्याची ‘मुसलमान राजा, हिंदू प्रजा’ अशी एक सुटसुटीत कथा अलीकडे रूढ झाली आहे. मखदूम तिच्यात मावत नाहीत, म्हणून त्यांचे नावच घेतले जात नाही.

मखदूम मोहिउद्दीन यांचा जन्म १९०८ चा, मेदक जिल्ह्यातील अंदोल गावचा. लहानपणीच वडील गेले, काकांनी वाढवले. उस्मानिया विद्यापीठात शिकून ते हैदराबादच्या सिटी कॉलेजात अध्यापक झाले. पुढे ती नोकरी सोडून त्यांनी कामगार संघटना बांधल्या. १९४४ मध्ये ‘सुर्ख सवेरा’ हा संग्रह आला. ११ सप्टेंबर १९४७ रोजी रावि नारायण रेड्डी आणि बद्दम येल्ला रेड्डी यांच्यासह त्यांनी निजामाविरुद्ध सशस्त्र लढ्याची हाक दिली. उर्दूचा हा नामवंत कवी भूमिगत झाला.

‘ते तेलंगणाचे, आपला काय संबंध?’ हा प्रश्न हमखास येतो. तेव्हाचा नकाशा पाहावा. हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी हैदराबाद संस्थानात. राजा एक, पोलीस एक, रझाकारही तेच. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी तर लातूरला वकिली करत असे! रझवीची भाषणे ज्या उर्दूत होती, त्याच उर्दूत मखदूमांची कविता होती आणि ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचे अग्रलेखही. त्या लेखनापायी शोएबुल्लांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. भाषेवरून वा धर्मावरून बाजू ठरवणाऱ्यांनी या तिघांना एका रांगेत उभे करून दाखवावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतीय फौजा आल्यावरही कम्युनिस्टांनी शस्त्रे खाली ठेवली नाहीत. लढा ऑक्टोबर १९५१ पर्यंत चालला. मखदूमांना त्याच वर्षी अटक झाली, ती स्वतंत्र भारताच्या सरकारकडून. हे लपवण्याचे कारण नाही. त्या निर्णयावर कठोर टीका करता येते, करावीही. पण त्याआधीचा निजामविरोधी लढा त्यामुळे पुसला जात नाही. लढा संपल्यावर, १९५२ मध्ये, पोटनिवडणूक झाली. ज्या नलगोंडा जिल्ह्यात तो पेटला होता, तिथल्याच हुजूरनगरच्या मतदारांनी मखदूमांना विधानसभेत पाठवले.