शंकूंभोवतीचा सराव

वीस मुलांची एक रांग, तिच्यापुढे ओळीने मांडलेले आठ शंकू आणि एक चेंडू. पहिला मुलगा शंकूंमधून नागमोडी चेंडू नेतो, शेवटी गोलवर फटका मारतो आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहतो. मग दुसरा, मग तिसरा. फुटबॉल शिकवण्याची ही पद्धत इतकी सर्रास झाली आहे की पालकांना, शाळांना आणि बऱ्याच प्रशिक्षकांनाही सराव म्हणजे हाच, असे वाटते. तिचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. एका फेरीला दहा सेकंद धरले, तर एका मुलाची पाळी पुन्हा यायला तीन मिनिटांहून जास्त वेळ जातो. वीस मिनिटांत त्याच्या वाट्याला सहा फेऱ्या येतात, म्हणजे एक मिनिट सराव आणि एकोणीस मिनिटे उभे राहणे. तरीही वाया जाणारा वेळ हा या पद्धतीचा लहान दोष आहे. चेंडू वाढवले, रांगा चार केल्या की तो बराचसा भरून निघतो. मोठा दोष त्या एका मिनिटाच्या आत आहे: शंकू जागचा हलत नाही.

सामन्यातला बचावपटू हलतो. तो पाय घालायचे नाटक करतो, मागे सरकतो, आपल्या साथीदाराच्या दिशेने प्रतिस्पर्ध्याला ढकलत नेतो. त्याला चकवायचे की चेंडू शेजारच्याला द्यायचा, हे ज्याच्या पायात चेंडू आहे त्याला अर्ध्या क्षणात ठरवावे लागते, आणि त्यासाठी मान वर लागते. शंकूंतून जाणाऱ्या मुलाची नजर खाली खिळलेली असते. ठरवण्यासारखे त्याच्यापुढे काहीच नसते, कारण कुठे वळायचे हे प्रशिक्षकाने आधीच मांडून ठेवलेले आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या ताब्यात चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो. उरलेला सारा वेळ तो पाहतो, जागा बदलतो, अंदाज बांधतो. शंकूंच्या सरावात खेळाचा हा सगळा भाग गैरहजर असतो.

या पद्धतीच्या बाजूने जे सांगितले जाते त्यातला पहिला आणि सर्वांत वजनदार मुद्दा पायाचा आहे. अक्षरे गिरवल्याशिवाय निबंध लिहिता येत नाही, तसे पास, टच आणि ड्रिबलिंग सुटे सुटे घोटल्याशिवाय सामना खेळता येत नाही, असे म्हटले जाते. ही उपमा पटते, पण ती चुकीच्या जागी लावलेली आहे. ‘क’ पाटीवरही तोच असतो आणि निबंधातही तोच. पास तसा नसतो. समोर कोणी नसताना दहा मीटरवरच्या जोडीदाराला दिलेला पास आणि अंगावर धावून येणाऱ्या दोघांच्या मधून, पळत्या साथीदाराच्या पुढच्या पावलावर टाकलेला पास, या दोहोंत पायाची हालचाल थोडीफार सारखी असेल. पण दुसऱ्याची सुरुवातच डोळ्यांपासून होते. डोळ्यांचा भाग कापून काढला, तर उरते ती पासची नक्कल.

मॉस्कोच्या केंद्रीय श्रमसंस्थेत 1920 च्या दशकात निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हालचालींचे चित्रण केले होते. अनेक वर्षे तेच काम केलेल्या कामगाराचा हात दर वेळी अगदी त्याच वाटेने जात असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असते. प्रत्यक्षात हातोड्याचे टोक जवळजवळ त्याच जागी पोचत होते, पण खांदा, कोपर आणि मनगट दर वेळी थोडे वेगळे वागत होते. कसबी माणूस एकच हालचाल पुन्हा पुन्हा करत नाही. तो तेच काम दर वेळी नव्याने सोडवतो. फुटबॉलच्या सरावासंबंधी याहून उपयोगाचा शोध क्वचितच लागला असेल, आणि तो लागला एका कारखानदारी संस्थेत.

दुसरा मुद्दा डोळ्यांदेखत होणाऱ्या प्रगतीचा. महिनाभर शंकूंतून नेले की मुले खरोखर वेगाने आणि न अडखळता जाऊ लागतात. पालकांनाही ते दिसते. पण सरावात दिसणारी सुधारणा आणि टिकणारे शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1979 मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात एका गटाने एकेक हालचाल सलग घोटली आणि दुसऱ्याने त्याच हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. नंतर घेतलेल्या चाचणीत दुसरा पुढे गेला. 1986 मध्ये गूड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस नवशिक्या मुलींना शिकवून पाहिल्या. तिथेही मिसळून सराव केलेल्यांना ती कला जास्त टिकली आणि कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने सर्व्हिस करतानाही वापरता आली. असा फरक प्रत्येक प्रयोगात इतका ठळक निघालेला नाही, हेही खरे आहे. तरी एवढे नक्की की सराव गुळगुळीत दिसतो म्हणून तो चांगला, हा निकष फसवा आहे. मुले चुकत नसतील, तर बहुधा ती काही नवे शिकतही नसतात.

तिसरा मुद्दा महाराष्ट्रात हमखास निघतो, तो तालमीचा. पैलवान हजार जोर-बैठका मारतो म्हणून आखाड्यात टिकतो, मग फुटबॉलपटूने घोटून घेतले तर काय बिघडले? कोल्हापुरात तर फुटबॉलचे नामवंत संघच तालमींच्या नावाने उतरतात, त्यामुळे हा दाखला परका नाही. पण तो नीट पाहिला तर उलट बाजूने बोलतो. जोर-बैठकांनी ताकद आणि दम येतो, डाव येत नाही. डाव येतो तांबड्या मातीत, जोडीदाराबरोबर झटून. प्रत्येक डावाला तोड असते, तोडीला पुढचा डाव असतो, आणि समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे हे अंगाला कळल्याशिवाय यातले काहीच जमत नाही. पुतळ्याशी ढाक किंवा कलाजंग घोटून कोणी कुस्ती शिकवल्याचे ऐकिवात नाही. वस्तादांना जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, ते फुटबॉलच्या मैदानावर येताच विसरले जाते.

चेंडूपासून, आणि खेळापासून, सराव तोडण्याची किंमत काय पडते हे इंग्लंडने सर्वांसमोर मोजले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या अनेक क्लबांमध्ये आठवडाभर खेळाडूंना पळवत. चेंडू फारसा देत नसत, म्हणजे शनिवारी त्यांना चेंडूची भूक लागेल, अशी समजूत होती. त्याच देशाचा जिमी होगन हा प्रशिक्षक व्हिएन्ना आणि बुडापेस्टमध्ये चेंडू घेऊन शिकवत राहिला. 25 नोव्हेंबर 1953 रोजी हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला 6-3 असे हरवले. हंगेरीच्या मंडळींनी होगनच्या शिकवणुकीचे ऋण उघडपणे मानले. त्या दिवशी इंग्लंडचा बचावपटू हॅरी जॉन्स्टन याची किक कच्ची नव्हती. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी मागे सरून खेळत होता. त्याच्या पाठोपाठ जायचे की जागा धरायची, हे जॉन्स्टनला सामना संपेपर्यंत सुटले नाही आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. सहा महिन्यांनी बुडापेस्टला इंग्लंड 7-1 असे हरले. आता सरावात चेंडू आला आहे. प्रतिस्पर्धी अजून पुष्कळ ठिकाणी आलेला नाही. चूक त्याच जातीची आहे.

नामांकित युरोपीय क्लबांच्या चित्रफितींतही शंकू दिसतात, हा आणखी एक दाखला. तो फार काळ तग धरत नाही. त्या बहुधा अंग मोकळे करण्याच्या दहा-पंधरा मिनिटांच्या किंवा दुखापतीतून परतणाऱ्या खेळाडूच्या असतात, आणि त्या खेळाडूंच्या पायांत हजारो तासांचा खेळ आधीच मुरलेला असतो. बारा वर्षांच्या मुलाने त्यातले शंकूच तेवढे उचलावेत, हे अनुकरण नाही.

खंडन इथे थांबवावे लागते, कारण एकट्याने करायच्या सरावाला त्याची जागा आहेच. डच प्रशिक्षक वील कूर्वर यांनी चेंडूवरच्या हुकमतीचे बारीक व्यायाम रचले. एकटे मूल अंगणात भिंतीशी ते करत असेल, तर ते मोलाचे आहे. चेंडूशी सलगी अशीच होते. ‘फिफा 11 प्लस’ हा अंग गरम करण्याचा ठरीव व्यायामक्रम नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या संघांवर तपासला गेला तेव्हा दुखापती लक्षणीय घटल्या, विशेषतः गंभीर दुखापती. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेने तो आजच घ्यावा. गोलकीपरचे पडणे-उठणे, कॉर्नर, पेनल्टी या गोष्टीही घोटाव्याच लागतात. आक्षेप आहे तो सामूहिक सरावाचे मोलाचे तास, जेव्हा साथीदार आणि प्रतिस्पर्धी दोघेही मैदानावर हजर असतात, ते रांगेत घालवण्याला.

त्या तासांत काय करावे, याचे उत्तर नवे नाही आणि परदेशीही नाही. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम मूळचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षे मुंबईत रोव्हर्स कप जिंकला. रहीम यांनी खेळाडू घडवण्यासाठी स्पर्धाच वेगळ्या रचल्या: एकीत ड्रिबलिंगला मनाई, दुसरीत फक्त कमजोर पायाने खेळायचे. यातली सूक्ष्मता लक्षात घेण्याजोगी आहे. ड्रिबलिंग बंद केले की चेंडू येण्याआधीच पुढचा पास पाहून ठेवावा लागतो. कमजोर पायाची सक्ती केली की अंग कसे वळवून उभे राहायचे, हे खेळाडू स्वतः शोधतो. तोंडी सूचना जवळजवळ लागत नाहीत, नियमच शिकवतो. शिवाय चेंडू हिसकावणारा माणूस समोर असतोच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. त्यात मुंबईच्या नेव्हिल डिसोझांचे तीन गोल होते. भारत चौथा आला. 1962 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला 2-1 असे नमवून भारताने सुवर्णपदक घेतले. पुढच्याच वर्षी कर्करोगाने रहीम गेले, आणि त्यांच्या या रीतीची शिस्तशीर परंपरा देशात उभी राहिली नाही.

बार्सिलोनात हेच तत्त्व ‘रोंदो’च्या रूपाने रुजले. लाउरेआनो रुइस यांनी 1970 च्या दशकात तो तिथे आणला आणि 1988 पासून प्रशिक्षक म्हणून योहान क्रॉयफ यांनी त्याला सरावाचा कणा केले. पाच-सहा जण वर्तुळात, दोघे मध्ये. ज्याचा पास चुकला तो मध्ये जातो. जागा इतकी थोडी असते की पहिला टच वाईट पडला की शिक्षा तत्काळ मिळते. जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांनी मुलांसाठी तीन विरुद्ध तीन आणि चार छोटे गोल, असा खेळ मांडला. प्रत्येक संघाला हल्ला करायला दोन गोल असल्याने एका बाजूला गर्दी झाली की दुसरी बाजू मोकळी आहे हे पाहावेच लागते. मान वर काढ, असे ओरडून सांगण्याची गरज उरत नाही.

‘नुसते खेळू द्यायचे, तर मग प्रशिक्षक कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मैदान रुंद ठेवायचे की लांबट, गोल किती, किती टचची परवानगी, कोणत्या बाजूला एक खेळाडू जास्त, हे सगळे प्रशिक्षकाला ठरवायचे असते. कधी खेळ थांबवून एकच प्रश्न विचारायचा आणि कधी गप्प राहायचे, हेही त्यानेच ओळखायचे. शंकू मांडण्यापेक्षा हे काम अवघड आहे. ते टाळले जाण्याचे एक कारण तेही असावे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या यशाचे श्रेय एका सराव-पद्धतीला देणे धोक्याचे असते, तरी दोन देशांचा अनुभव डावलता येत नाही. 2000 ची युरो स्पर्धा भरवणाऱ्यांपैकी एक असलेला बेल्जियम तिच्या साखळीतच बाहेर पडला. फुटबॉल संघटनेचे तांत्रिक संचालक मिशेल सब्लों यांच्या पुढाकाराने तिथे लहान मुलांच्या सामन्यांचे विद्यापीठात चित्रणासह विश्लेषण झाले. मोठ्या मैदानावरच्या सामन्यांत मुलांच्या पायाला चेंडू फार कमी लागतो, असे त्यात दिसले. मग दोन विरुद्ध दोन, पाच विरुद्ध पाच, आठ विरुद्ध आठ अशी वयानुसार चढती रचना आली आणि अगदी लहानांचे गुणतक्ते बंद झाले. नोव्हेंबर 2015 मध्ये बेल्जियम फिफा क्रमवारीत पहिला आला, 2018 च्या विश्वचषकात तिसरा. मोठा चषक त्याने जिंकला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

जर्मनीचे उदाहरण विरोधक स्वतःच्या बाजूने देतात. त्याच 2000 च्या स्पर्धेत एका गुणासह तळाला गेल्यावर जर्मनीने क्लबांना अकादम्या सक्तीच्या केल्या, देशभर प्रशिक्षण केंद्रे उघडली आणि 2014 मध्ये विश्वचषक जिंकला. पण 2018 आणि 2022 मध्ये हाच देश साखळीत गारद झाला, आणि एकास एक झुंजणारे खेळाडू व अस्सल स्ट्रायकर घडत नाहीत, अशी कबुली तिथल्या जाणकारांनीच दिली. उपाय म्हणून जर्मन संघटनेने 2024-25 च्या हंगामापासून लहान मुलांसाठी छोट्या संघांचे, छोट्या मैदानांवरचे खेळप्रकार देशभर बंधनकारक केले. सर्वांत घट्ट बांधलेली व्यवस्था उभी करणाऱ्या देशाने ही दिशा धरली, याला महत्त्व आहे.

भारत 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा यजमान होता. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या संघात होता. मुलांना दीर्घ शिबिरे आणि परदेश दौरे मिळाले होते. अमेरिकेशी 0-3, कोलंबियाशी 1-2 आणि घानाशी 0-4 असे तिन्ही सामने भारत हरला. धडपडीत ती मुले कमी पडली नाहीत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी भरलेल्या शिबिराने सहाव्या ते बाराव्या वर्षांतला न खेळलेला खेळ भरून निघत नाही, एवढेच त्यातून दिसले. गोव्यात भातकापणीनंतरच्या शेतांत, मुंबईच्या गल्ल्यांत मुले तो खेळ आपसूक खेळत आली. शेते आणि गल्ल्या आकसत चालल्यामुळे आता ती जबाबदारी शाळेवर आणि क्लबवर आली आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. त्या वीस मुलांचे पाच-पाचचे चार संघ करावेत. ते आठ शंकू ओळीतून उचलून दोन-दोनच्या जोड्यांनी मांडले की चार गोल होतात आणि दोन छोटी मैदाने तयार होतात. आणायचा आहे तो आणखी एक चेंडू.