अभ्यासवर्गाची सुरुवात कागदापासून

परिवर्तनाचे शिक्षण देणारे आपले अभ्यासवर्ग बहुधा वरून खाली येतात. शहरातून वक्ता येतो, भांडवलशाहीपासून जातिव्यवस्थेपर्यंत सारे दोन दिवसांत सांगतो, आभारप्रदर्शन होते आणि श्रोते घरी जातात. विचार खरे असतात. पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यांचे हत्यार होत नाही. शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा क्रम उलटा करण्याजोगी सामग्री आहे.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठावाचा भडका उडाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले होते. सारा मात्र वाढला होता. जमावाचा मुख्य रोख कर्जखते आणि हुकूमनामे यांवर होता. ज्याला आपण अंगठा लावलेला कागद वाचता येत नव्हता, त्याने तो जाळला. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. तो या आगीचा परिणाम होता.

म्हणून अभ्यासक्रमाचे स्वतंत्र घटक पाडावेत आणि प्रत्येक घटक एका कागदापासून सुरू व्हावा : १८७५ चे कर्जखत, कारखान्याची काटापावती, रांजणगावच्या कंत्राटी कामगाराची पगारपावती, सातबारा आणि त्यावर नसलेले बाईचे नाव. कोणताही घटक आधी घेता यावा. तुकड्यांत समग्र दृष्टी हरवेल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक घटकात तेच तीन प्रश्न असावेत : मालकी कोणाची, निर्णय कोणाचा, नोंद कोण ठेवतो?

घटकांची रचना शिक्षकाने एकट्याने करू नये. कागद आणि प्रश्न सभासदांनी आणावेत. इतिहास आणि हिशेब शिक्षकाने पुरवावा. शिरूरच्या वर्गाने तयार केलेला घटक दौंडच्या वर्गाने तपासावा, दुरुस्त करावा.

खरी कसोटी मात्र पुढे आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावयास हवेत. ते थकले की ऊस उत्पादक योग्यच संतापतो. पण त्याच्याच फडात बीड-अहिल्यानगरकडून आलेले जोडपे मुकादमाची उचल फेडण्यासाठी कोयता चालवीत असते. १८७५ च्या शेतकऱ्याजवळ जाळण्यापुरते तरी खत होते; या जोडप्याकडे अनेकदा दाखवावयासही कागद नसतो. उत्पादक आणि तोडणी कामगार एका वर्गात बसले, तर वाद होणारच. त्या वादाला जागा न देणारा अभ्यासक्रम सर्वांना सोयीचा होईल. पण तो परिवर्तनाचा राहणार नाही. उचलीचा हिशेब हा पाचवा घटक असावा, आणि तो तोडणी कामगारांनीच लिहावा.