गाण्याला ‘कारणे दाखवा’

पडद्यावर किंवा रंगमंचावर गाणाऱ्या माणसाने आधी आपण गवई असल्याचा दाखला सादर करावा, तो तपासून झाल्यावरच त्यास तोंड उघडण्याची परवानगी मिळेल, असा एक अलिखित नियम आपल्या सुशिक्षित मराठी प्रेक्षकाने लागू केलेला आहे. या नियमाचे परिपत्रक कोणी काढले आणि ते कोणत्या तारखेपासून अमलात आले, हे कोणासच सांगता येत नाही. अंमलबजावणी मात्र इतकी काटेकोर चालू आहे की, आमच्या कचेरीतील एकाही नियमाच्या वाट्याला तसे भाग्य आलेले नाही. प्रस्तुत लेख या नियमाविरुद्ध आहे.

हा नियम स्पष्ट शब्दांत मी प्रथम ऐकला तो नोव्हेंबर २०१५ मध्ये. दिल्लीत मी नोकरीस नुकताच लागलो होतो आणि माझे एक स्नेही, वयाने व हुद्द्याने मला वडील, रविवारी मला आपल्याबरोबर कोठे ना कोठे घेऊन जात. त्या रविवारी आम्ही ‘कट्यार काळजात घुसली’ पाहावयास गेलो. सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला हा संगीतपट त्याच महिन्यात प्रदर्शित झाला होता. परप्रांतात मराठी चित्रपट लागणे, तो सोयीच्या वेळी लागणे आणि आपल्याला त्याची बातमी तो उतरण्यापूर्वी लागणे, हे तीन ग्रह एकत्र येणे किती दुर्मिळ, हे या अंकाच्या वाचकांस सांगावयास नको. चित्रगृहाच्या दारातच ‘आपण कुठले?’, ‘कोणत्या खात्यात?’ सुरू झाले होते. आत दिवे मालवले आणि दरबारातील गायनाची स्पर्धा पडद्यावर आली, तेव्हा माझे स्नेही, जे एरवी दर पाच मिनिटांनी मोबाइल काढून कार्यालयीन निरोप पाहतात, ते अडीच तास हात बांधून बसले. बाहेर आल्यावर त्यांचे डोळे ओले होते, हे मी पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले.

चहाच्या टपरीवर ते म्हणाले, “अरे, इथे गाणे शोभते. का? तर ही माणसे मुळात गवईच आहेत. नाही तर आपली ती जुनी संगीत नाटके! सेनापती गातो, नायिका रुसली तरी गाते, निरोप घेऊन आलेला दूतसुद्धा पेटीकडे बघून गळा साफ करतो. असे जगात कुठे घडते का?”

पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच दिग्दर्शकाचा ‘संगीत मानापमान’ आला. मी त्यांना तिकिटाबद्दल विचारले. त्यांनी कळवले, “त्यात सेनापती गातो ना? तू जाऊन ये.” मी एकटा गेलो. तो चित्रपट कसा होता, हा या लेखाचा विषय नव्हे. विषय आहे तो न पाहताच त्याच्यावर बजावलेली ‘कारणे दाखवा’ नोटीस.

माझ्या स्नेह्यांचा निकष त्यांच्याच आवडत्या चित्रपटाला लावून पाहू. ‘कट्यार’ हे मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे; १९६७ साली ते रंगमंचावर आले; संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. रंगमंचावर वसंतराव स्वतः उभे राहत आणि स्वतः गात. चित्रपटात खाँसाहेब म्हणून ओठ हलतात ते सचिन पिळगांवकर यांचे, आणि आवाज येतो तो वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा. सदाशिवाची भूमिका स्वतः सुबोध भावे करतात आणि त्या सदाशिवाच्या कंठातून महेश काळे गातात. त्या गाण्यासाठी काळे यांना राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. आता मला सांगा, एका माणसाने तोंड उघडावे आणि त्यातून दुसऱ्याच माणसाचा आवाज बाहेर पडावा, याहून अधिक अस्वाभाविक गोष्ट त्या दिवशी त्या चित्रगृहात दुसरी कोणती घडली? पण त्याबद्दल माझ्या स्नेह्यांनी चकार शब्द काढला नाही. काढावयाचे कारणही नव्हते. कारण ती कलेची रीत आहे आणि ती त्यांना मान्य आहे. आपल्याला रूढी खपते. फक्त आपण सवयीच्या रूढीला ‘वास्तव’ म्हणतो आणि सवय सुटलेल्या रूढीला ‘हास्यास्पद’.

दुष्यंत गद्यात बोलता बोलता एकाएकी श्लोकात शिरतो, तेव्हा राजाला वृत्ते कोणी शिकवली असे आपण विचारीत नाही. रणांगणावरील प्रसंगात तलवारींच्या खणखणाटाबरोबर पन्नास व्हायोलिने वाजू लागतात. हे वादक कोणत्या खंदकात बसले आहेत, अशी शंका एकाही वास्तववाद्याला आलेली मला ठाऊक नाही. शंका येते ती केवळ एका गोष्टीची : हाडामासाचा माणूस दुःखाने किंवा आनंदाने गाऊ कसा लागला?

या शंकेचा परिणाम आपल्या चित्रपटसृष्टीवर झालेला आहे. या शतकात गाण्याच्या अंगाने गाजलेले मराठी चित्रपट आठवा. ‘नटरंग’ (२०१०), ‘बालगंधर्व’ (२०११), ‘कट्यार’ (२०१५), ‘मी वसंतराव’ (२०२२). एकात तमाशातला कलावंत, एकात रंगभूमीवरचा गायक नट, एकात दरबारी गवये, एकात थोर गायक. हे चित्रपट वाईट आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. यांतील दोन मी दोनदा पाहिले आहेत. परंतु प्रत्येकाच्या गाण्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवलेले आहे, हे लक्षात घ्या. नायक व्यवसायाने गाणारा, म्हणून त्यास प्रवेश. ज्यांच्यापाशी असे ओळखपत्र नाही, त्या चित्रपटांत गाणे बहुधा मागल्या दाराने येते. नायक खिडकीतून पावसाकडे पाहत उभा असतो, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्याच्या वतीने कोणी अदृश्य गायक गाऊन जातो. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, पात्राने स्वतःच्या सहीने केलेला अर्ज जाऊन त्याच्या जागी दिग्दर्शकाने समासात लिहिलेला शेरा आला. अर्जाला अर्जदार जबाबदार असतो. शेऱ्याला कोण?

आपली परंपरा अशी नव्हती. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि दोन वर्षांनी ‘सौभद्र’. साकी, दिंडी, लावणीची चाल, कर्नाटकातून आलेली चाल, जे जे लोकांच्या कानांत होते ते ते त्यांनी संवादासाठी राबवले. ‘सौभद्रा’तील पद म्हणजे बोलणेच, कोण कोणाला काय सांगतो आहे, हे पद कानाआड केल्यास कळत नाही. १९११ चे खाडिलकरांचे ‘मानापमान’ घ्या. श्रीमंत बापाची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमाला होऊन त्याच्याच प्रेमात पडते. अभिमान कसा विरघळतो, हे गद्यात सांगावयाचे तर दोन पाने व्याख्यान लागेल. गोविंदराव टेंबे यांच्या चालीत ते एका पदात होते. भामिनी गायिका नाही, हे खरे. ती मानी मुलगी आहे आणि जे तिला बोलवत नाही ते ती गाते.

गोविंदराव टेंबे यांचे नाव आले आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो. १९३२ साली ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ काढला. तो पहिला मराठी बोलपट. त्यात हरिश्चंद्र कोण? हेच टेंबे, संगीतही त्यांचेच. ‘मानापमाना’च्या चाली बांधणारा माणूस एकवीस वर्षांनी राज्यभ्रष्ट राजा होऊन पडद्यावर उभा राहिला आणि गायला. म्हणजे मराठी चित्रपट बोलू लागला त्याच दिवशी गाऊही लागला. त्या आधीच्या वर्षी आलेल्या ‘आलम आरा’तही सात गाणी होतीच.

यावर माझे स्नेही म्हणतील की तो भाबडा काळ होता. वास्तवाची जाण तेव्हाच्या लोकांना नव्हती, असे ज्यांना वाटते त्यांनी ‘कुंकू’ पाहावा. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी त्या चित्रपटात पार्श्वसंगीताला फाटा दिला. जे ऐकू येते ते प्रसंगातल्याच वस्तूंचे आणि माणसांचे. म्हणजे वास्तवाच्या आग्रहापायी या दिग्दर्शकाने अदृश्य वाद्यवृंद घालवला आणि माणसाचा गळा ठेवला. शांता आपटे त्यात गातातच. आजच्या वास्तववाद्यांनी नेमके उलट केले आहे. गळा घालवला आणि वाद्यवृंद ठेवला. तीच गोष्ट रंगभूमीची. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ आणून संगीत नाटकाच्या अतिरेकाविरुद्ध बंड केले. पण त्या बंडखोरांनीही मोजकी गाणी ठेवली आणि ती केशवराव भोळे यांच्याकडे सोपवली. त्यांचे भांडण गाण्याशी नव्हते, गाण्याच्या मुजोरीशी होते.

ती मुजोरी होती, हे मी नाकारीत नाही. ‘वन्स मोअर’च्या आरोळ्यांनी नाटकाचे पहाटेपर्यंत लांबलेले जलसे झाले, नायिकेचा जीव टांगणीला लागला असताना नट ताना घेत राहिला आणि प्रेक्षक माना डोलावीत राहिले. जे पद कथा थांबवते आणि नटाची बैठक जमवते, त्याविरुद्ध बोलणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहीन. कथेशी सुतराम संबंध नसलेल्या, परदेशातील बर्फावर नाचून म्हटलेल्या हिंदी गाण्यांचे वकीलपत्रही मी घेणार नाही. परंतु लाच खाणारा एक कारकून सापडला म्हणून कोणी कचेरीला कुलूप लावीत नाही.

माझ्या स्नेह्यांचा खरा आधार इंग्रजी चित्रपटांचा आहे, आणि येथेच त्यांची बाजू सर्वांत लंगडी पडते. त्यांच्या घरी ‘द साउंड ऑफ म्युझिक’ मुलांना कौतुकाने दाखवला जातो. त्यात मठातल्या जोगिणी गातात. ‘ले मिझराब्ल’ हा २०१२ चा चित्रपट त्यांनी मला स्वतः बोलावून दाखवला. तो जवळजवळ संपूर्ण गाण्यातच आहे, आणि नटांनी चित्रणाच्या वेळी प्रत्यक्ष गायिलेले आवाज त्यात वापरले आहेत, हेही त्यांनीच मला अभिमानाने सांगितले. त्यातील पोलीस इन्स्पेक्टर झाव्हेर हा तर आपल्यासारखाच सरकारी नोकर! नियम एकीकडे आणि माणुसकी दुसरीकडे, अशा कात्रीत तो सापडतो आणि जीव देण्यापूर्वी गातो. त्या वेळी माझ्या स्नेह्यांनी, ‘इन्स्पेक्टर कधी गातो का?’ असे विचारले नाही. फ्रान्समधील इन्स्पेक्टर इंग्रजीत गायला तर ती उच्च कला, आणि धैर्यधर मराठीत गायला तर तो पोरखेळ! याला वास्तवाची चाड म्हणावयाचे, की स्वतःच्या घरच्या चालीची लाज?

लाज हाच शब्द मला योग्य वाटतो, आणि आपण जे बदल्यांच्या निमित्ताने मराठी मुलखाबाहेर राहतो, त्यांना ही लाज फार महाग पडते. मी ज्या मंडळाचा सभासद आहे तेथे गेल्या काही वर्षांत गणेशोत्सवासाठी जे नाटक निवडले जाते ते नेमाने फार्स असते. कारण असे दिले जाते की मुलांना संगीत नाटक समजत नाही. मी अनुभव सांगतो. या मुलांचे शिक्षण हिंदी-इंग्रजीत; घरी ती मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. फार्सातील कोटी त्यांना मुळीच कळत नाही; कारण कोटीला भाषेची कसलेली जाण लागते. आई-बाप हसतात तेव्हा ती आई-बापांच्या तोंडाकडे पाहतात. पण एका कोजागिरीला एका वृद्ध गृहस्थांनी पेटीवर नाट्यपदे म्हटली, तर दुसऱ्या दिवशी आमच्या वसाहतीच्या जिन्यात एक आठ वर्षांची मुलगी, जिला ‘ळ’ म्हणता येत नाही, त्यातील एका पदाचा मुखडा अचूक चालीत गुणगुणत उतरत होती. शब्द निम्मे चुकीचे होते. ती माझ्या स्नेह्यांचीच नात, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “मुलांचे काय, त्यांना काहीही आवडते.”

मागील वर्षी मी कार्यकारिणीपुढे ‘सौभद्रा’चा प्रस्ताव ठेवला. बराच खल होऊन निर्णय झाला तो असा : नाटक मंजूर, पदे गाळावीत. बलरामाने सुभद्रा दुर्योधनास देऊ केली, अर्जुन संन्यासी झाला, कृष्णाने मागून सूत्रे हलवली, एवढे गद्यात सव्वा तासात आटोपेल, असे चिटणीसांनी कागदावर हिशेब करून दाखवले. ते खरेच आटोपले असते. मी प्रस्ताव मागे घेतला.

येत्या सभेत तो मी पुन्हा मांडणार आहे, निवडक पदांसह, अडीच तासांचा. पेटीसाठी लेखापरीक्षा खात्यातील एक गृहस्थ तयार आहेत. तबल्याला शेजारचे बंगाली बाबू बसतील, त्यांना मराठी येत नाही पण ताल येतो. कृष्ण आणि सुभद्रा मिळाली आहेत. अडले आहे ते नारदाचे. तंबोरा घेऊन प्रवेश करावयाचा आणि आल्या आल्या गावयाचे, एवढ्याला धजेल असा पुरुष आमच्या वसाहतीत सापडलेला नाही. सगळे गळ्याचे कारण सांगतात. वाचकांपैकी कोणाची दिल्लीस बदली होत असेल आणि स्वर ठीक असेल, तर त्यांनी संपादकांमार्फत मला अवश्य कळवावे. गवई असल्याचा दाखला नको.