टिकलीपेक्षा ‘आपलं’ मोठं

इंग्रजीतला पझेसिव्ह, म्हणजे आपली षष्ठी, आपल्याला शिकवतात ती सगळी अपॉस्ट्रॉफीच्या टिकलीभोवती. टिकली ‘एस’च्या आधी द्यायची की नंतर, ‘इट्स’मध्ये ती कधी असते नि कधी नसते, एवढंच. पेपरात टिकली चुकली की लाल गोल. माझं म्हणणं साधं आहे: वर्गातला हा वेळ चुकीच्या जागी जातोय. आपण मराठी बोलणारी मुलं इंग्रजी षष्ठीत खरी अडखळतो ती वेगळ्याच ठिकाणी. आणि या षष्ठीमुळे आपल्या मराठीचं जे नुकसान चाललंय, त्यातही टिकलीचा काही संबंध नाही.

पहिली गोष्ट, टिकली ऐकूच येत नाही. ‘द बॉइज बुक्स’ म्हणून बघा. एका मुलाची पुस्तकं की दहा मुलांची, कानाला पत्ता लागत नाही. तरी इंग्रजी बोलणाऱ्यांचं काही अडत नाही. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, त्यातल्या एकाचं उरलेलं शेपूट म्हणजे आजचा ‘एस’. अपॉस्ट्रॉफी आली सोळाव्या शतकात, फ्रेंचांच्या वळणावर, आणि तीही गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. षष्ठीतले तिचे नियम पक्के व्हायला आणखी बराच काळ गेला. मधल्या काळात कित्येकांना वाटे की हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’चाच संक्षेप. म्हणून बेन जॉन्सनच्या १६०५ साली छापलेल्या नाटकाचं नाव ‘सिजेनस हिज फॉल’ असं आहे. आज आपल्यापैकी कुणी असं लिहिलं तर पेपर परत मिळायचा नाही!

‘इट्स’ची कथा त्याहून गमतीची. पूर्वी नपुंसकलिंगी वस्तूलाही ‘हिज’च लावत. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये डोंगरावरच्या प्रवचनातलं मीठ आपली चव हरवतं, तिथेही शब्द ‘हिज’च आहे, आणि त्या मूळ छपाईत ‘इट्स’ हा शब्द एकदाही येत नाही. पुढे तो रुळला, पण टिकलीसकट. शेक्सपिअरच्या १६२३ च्या पहिल्या फोलिओत षष्ठीच्या अर्थाने टिकलीवाला ‘इट्स’ सापडतो. म्हणजे ज्या स्पेलिंगला आज लाल गोल, ते तेव्हा छापून येत होतं. मार्कांसाठी टिकली शिकावीच लागेल, मी नको म्हणत नाही. ‘हिज, हर, इट्स’ एका रांगेतले, सर्वनामाच्या षष्ठीला टिकली नाही. टिकलीवाला ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’. दहा मिनिटांचं काम.

आता खरी गोष्ट. ‘त्याची बहीण’ या दोन शब्दांत मराठी दोन गोष्टी सांगते. ‘त्या’मधून कळतं की मालक पुरुष आहे, ‘ची’मधून कळतं की पुढे येणारा शब्द स्त्रीलिंगी आहे. इंग्रजीला दुसऱ्या गोष्टीशी काही देणंघेणं नाही. ‘हिज’ म्हटलं की पुढे सिस्टर येवो, ब्रदर येवो नाहीतर हाऊस, शब्द बदलत नाही. पोर्तुगीजचं उलट: ‘सेऊ’ आणि ‘सुआ’ पुढच्या शब्दाच्या लिंगाप्रमाणे बदलतात, मालक बाई की पुरुष ते सांगत नाहीत. या तिन्ही भाषा फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवल्या, तर ‘हिज’ आणि ‘हर’मधला घोळ एका तासात सुटेल. पण आपल्याकडे इंग्रजीच्या तासाला मराठी काढणं म्हणजे चप्पल घालून देवळात शिरल्यासारखं. हे का, मला खरंच कळत नाही. आपल्याला जी भाषा आधीच येते तिचा आधार घ्यायला लाज कसली?

शिवाय आपल्याकडे ‘आपला’ आहे. ‘पीटर गेव्ह जॉन हिज बुक.’ पुस्तक कुणाचं? इंग्रजी वाक्य गप्प. मराठीत ‘पीटरने जॉनला आपलं पुस्तक दिलं’ म्हटलं की ते पीटरचं, ‘त्याचं पुस्तक दिलं’ म्हटलं की बहुधा जॉनचं. इतकी नेटकी सोय हाताशी असून आपण ती सोडत चाललोय. हल्ली सर्रास ‘तो त्याच्या घरी गेला’ असं लिहिलं जातं, आणि मग वाचणाऱ्याने विचारायचं, कुणाच्या घरी बाबा?

याहून मोठी अडचण अनुवादाची. इंग्रजीला शरीराच्या अवयवालाही मालक लागतो. ‘ही पुट हिज हँड्स इन हिज पॉकेट्स.’ आपल्या मंडळाकडे येणाऱ्या अनुवादित कथांमध्ये याचं होतं ‘त्याने त्याचे हात त्याच्या खिशात घातले’. अहो, दुसऱ्या कुणाचे हात घालणार? मराठीत माणूस खिशात हात घालतो, हात धुतो, डोळे मिटतो. मालकी तेव्हाच सांगतो जेव्हा शंका असते. ‘आय हॅव’चंही तसंच. मराठीत मला बहीण असते, माझ्याकडे सायकल असते, मला ताप असतो. इंग्रजी या तिघांना एका दाव्याला बांधते, तो तिचा प्रश्न. पण ‘माझ्याकडे दोन बहिणी आहेत’ ऐकलं की मला त्या कपाटात ठेवल्यासारख्या वाटतात.

सगळ्यात जास्त हरवतं ते ‘अवर’मध्ये. ‘आमचं’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून, ‘आपलं’ म्हणजे त्याला धरून. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. प्रभूच्या प्रार्थनेत आपण पित्याला ‘आमच्या’ म्हणतो ते अगदी बरोबर आहे, कारण ज्याच्याशी बोलतोय तो या ‘आम्हां’त मोडत नाही. पण मिस्सानंतर फादर सूचना देताना ‘आपली पॅरिश’ म्हणतात. ‘आमची पॅरिश’ म्हणाले तर बाकांवरचे लोक मान वर करून बघतील. हा फरक चार वर्षांच्या पोरालाही कळतो, मात्र इंग्रजीतून मराठीत आणताना पदवीच्या वर्षाला असलेल्यांचा सुटतो. कॉलेजच्या एका मराठी पत्रकात विद्यार्थ्यांनाच उद्देशून ‘आमचे ग्रंथालय’ छापलं होतं. मग ते आमचं नाहीच का? इंग्रजीत ‘अवर लायब्ररी’ निर्धास्त होतं.

बेळगावात राहणाऱ्याला हा फरक फक्त व्याकरणाचा वाटत नाही. ‘आमची मुंबई’ म्हणताना समोरचा बाहेर राहू शकतो, ‘आपली मुंबई’त तो आत येतो. आजच्या कन्नडमध्ये मात्र इंग्रजीसारखाच एक शब्द, ‘नम्म’. बंगळुरूच्या मेट्रोचं नाव ‘नम्म मेट्रो’. त्याचं मराठी ‘आमची मेट्रो’ करायचं की ‘आपली मेट्रो’? प्रवाशांना बोलावणारं नाव आहे, तेव्हा ‘आपली’च. आता हाच प्रश्न आपल्या शहराबद्दल विचारा. मराठीत ‘बेळगाव आमचं’ आणि ‘बेळगाव आपलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपल्या बाकावर शेजारी कन्नड मित्र बसलेला असताना कुठलं म्हणायचं ते आपणच ठरवायचं असतं. ‘अवर’ आणि ‘नम्म’ ही निवड करायला लावत नाहीत. मराठी लावते. कधी कधी ते अडचणीचं होतं, पण मला ती अडचण हवी आहे.

म्हणून मंडळाला माझी सूचना: पुढच्या अनुवादाच्या बैठकीला इंग्रजीच्या शिक्षकांनाही बोलवा. इंग्रजी उतारा एकच घ्या, त्यातले सगळे ‘माय’, ‘हिज’, ‘अवर’ अधोरेखित करा, आणि मराठीत त्यातले किती उरतात ते मोजा. उरलेल्या ‘अवर’पुढे दोन रकाने करा, ‘आमचं’ आणि ‘आपलं’. फळा मी पुसून ठेवते, खडू तेवढे कुणीतरी आणा.